मामाजींची थैली: म्हाताऱ्या माणसाला दवाखान्यात नेताना

आमच्याकडे म्हाताऱ्या माणसाला दवाखान्यात कोण नेतं? त्या दिवशी ज्याची मोटरसायकल रिकामी असते तो. मागच्या खेपेला धाकटे दीर गेले, त्याआधी भासरे, म्हणजे थोरले दीर, आणि या खेपेला शेजारचा पोरगा, कारण घरचे सगळे कापूस वेचायला वावरात. प्रत्येक जण डॉक्टरसमोर बसून तेच सांगतो, ‘शुगर हाये, बीपी हाये.’ मागच्या वेळी डॉक्टरांनी कोणती गोळी बंद केली, कोणती तपासणी करून आणायला सांगितली, हे कोणालाच ठाऊक नसतं. मग डॉक्टर पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. पुन्हा त्याच तपासण्या, पुन्हा तेवढेच पैसे.

मी राळेगाव तालुक्यातल्या एका गावातली सून. मामाजी, म्हणजे माझे सासरे, ७८ वर्षांचे. आत्याबाई, म्हणजे सासूबाई, ७२ च्या. दोघांना घेऊन नऊ वर्षं दवाखान्याच्या वाऱ्या चालू आहेत, कधी तालुक्याला, कधी यवतमाळला, कधी सेवाग्राम-सावंगीकडे. आधी मलाही वाटायचं की आपलं काम म्हणजे हात धरून नेणं आणि आणणं. पण ते तर ऑटोवालाही करतो. सोबतच्या माणसाने करायचं ते एवढंच, की मागच्या खेपेची गोष्ट या खेपेपर्यंत पोचवायची. त्यासाठी एक ठरलेला माणूस लागतो आणि एक ठरलेली थैली.

माणूस कोण

घरात बसून हे एकदा ठरवून टाका. तो मोठाच मुलगा असला पाहिजे असं काही नाही. ज्याला वाचता येतं, जो गावात राहतो आणि ज्याला ‘परत सांगा ना’ म्हणायची लाज वाटत नाही, तो. पुण्या-मुंबईहून मुलगा ऑपरेशनसाठी आला तर येऊ द्या, पण आत जाताना नेहमीचा माणूसही सोबत असू द्या. शहरातून आलेला मुलगा प्रश्न हुशारीने विचारतो, उत्तरं मात्र चुकीची देतो, कारण बाप रात्री किती वेळा उठतो हे त्याला माहीतच नसतं.

म्हातारीसोबत शक्यतो बाईमाणूस पाठवा. आमच्या शेजारच्या काकू दोन वर्षं मुलासोबत जाऊन ‘कंबर दुखते’ एवढंच सांगत राहिल्या आणि मलम-गोळ्या आणत राहिल्या. एकदा मी सोबत होते, तेव्हा त्यांनी सिस्टरच्या कानात सांगितलं, ‘अंग बाहेर येते वं बाई.’ म्हणजे गर्भपिशवी खाली उतरते. त्याला उपाय आहे, आत बसवायची रिंग असते, ऑपरेशन असतं. लघवी न थांबणं, अंगावरून जाणं, पाळी जाऊन वर्षं झाल्यावर पुन्हा रक्त दिसणं, या गोष्टी बाई मुलापुढे मरेपर्यंत बोलणार नाही. शेवटची गोष्ट दिसली तर पुढच्या तारखेची वाटच पाहू नका, लगेच दाखवा.

थैली

आमची थैली खताच्या दुकानातून मिळालेली, जाड कापडाची. तिला स्वयंपाकघराबाहेरच्या खुंटीवरून कोणी हलवत नाही. आत एक मोठी प्लॅस्टिकची पन्नी आहे, म्हणजे पावसात कागद भिजत नाहीत. पन्नीत सगळे कागद तारखेने लावलेले, सगळ्यात नवा वर. त्यासोबत शंभर पानी वही, पेन, आधार कार्ड, राशन कार्ड, आयुष्मान कार्ड आणि प्रत्येकाच्या दोन-दोन झेरॉक्स.

वहीच्या पहिल्या पानावर मी पाच ओळी लिहून ठेवल्या आहेत: कोणते आजार, कोणत्या सालापासून, कोणती ऑपरेशनं झाली, कोणत्या औषधाची अॅलर्जी, सध्याच्या गोळ्या. नवीन डॉक्टर आधी ते पानच पाहतो. मागच्या पानांवर प्रत्येक खेपेची तारीख, बीपी, शुगर, वजन आणि डॉक्टर काय म्हणाले ते. अक्षर सुंदर लागत नाही. मी दीड वर्षानं वही चाळली तेव्हा कळलं की मामाजींचं वजन चार खेपांत सहा किलोने उतरलंय. एकेका खेपेला ते कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

एक चूक गावोगाव होते: महत्त्वाचा कागद म्हणून ईसीजीची पट्टी लॅमिनेट करून आणतात. तो कागद उष्णतेवर छापला जाणारा असतो, लॅमिनेशनच्या गरम मशीनमध्ये काळा पडतो. तसाच ठेवला तरी वर्ष-दोन वर्षांत अक्षरं उडतात, आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर लवकरच. पट्टीचा मोबाइलवर फोटो काढा आणि तिची साधी झेरॉक्स ठेवा. बाकी रिपोर्टचेही फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकत चला, थैली एस.टी.त विसरली तर तेवढाच आधार.

आणि गोळ्या. कागदावर लिहिलेल्या नव्हे, घरात असलेल्या सगळ्या, पाकिटासकट. डब्यातल्या, उशीखालच्या, मेडिकलवाल्याकडून आणलेल्या अंगदुखीच्या, कोण्या वैदूने दिलेली पुडी, काढ्याची बाटली, सगळं एका पिशवीत भरून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. लाजू नका. अंगदुखीच्या गोळ्या रोज खाल्ल्या तर किडनीवर ताण येतो आणि बीपीही चढतं. डॉक्टर मात्र बीपीची गोळी वाढवत बसतात, कारण दुसरी गोळी त्यांना दिसतच नाही.

कुठे आणि केव्हा

बीपी, शुगर नियमित तपासायला आणि महिन्याच्या गोळ्यांना प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय पुरतं. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे आरोग्य केंद्रापासून जिल्हा सामान्य रुग्णालयापर्यंत, चिठ्ठीला आणि तपासणीला पैसे पडत नाहीत. मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यांचं खातं वेगळं, तिथे थोडं शुल्क लागतं. आरोग्य केंद्रातून रेफर चिठ्ठी घेऊन वर गेलात तर वरचे डॉक्टर कुठून सुरू करायचं ते त्या चिठ्ठीवरून ठरवतात. आशाताईला विचारलं तर कोणत्या दिवशी कोणते डॉक्टर येतात हे ती फोन लावून सांगते.

मोठ्या दवाखान्यात, मग ते नागपूरचं मेडिकल असो की मेयो, की यवतमाळचं मेडिकल कॉलेज, डॉक्टर युनिटप्रमाणे बसतात. सोमवारी ज्यांनी पाहिलं ते मंगळवारी नसतात. कार्डावर युनिटचा नंबर किंवा डॉक्टरचं नाव लिहिलेलं असतं, ते वहीत उतरवून ठेवा आणि त्याच वारी जा. वार चुकला तर दुसरंच युनिट, दुसरेच डॉक्टर, आणि पुन्हा सगळी गोष्ट पहिल्यापासून. चिठ्ठीची खिडकी किती वाजता बंद होते हेही आधी विचारा. खिडकी बंद झाल्यावर पोचलात तर अख्खा दिवस वाया जातो. आता बऱ्याच ठिकाणी भिंतीवरचा क्यूआर मोबाइलने स्कॅन केला की टोकन मिळतं, त्यासाठी आभा नंबर, म्हणजे सरकारी आरोग्य खात्याचा ओळख नंबर, लागतो. तो १४ आकडी असतो, घरूनच काढून ठेवा.

पुढची तारीख मिळते तेव्हा तोंड उघडा. जूनच्या पेरणीत किंवा वेचणीच्या भरात तारीख आली तर घरातून कोणी निघत नाही, आणि म्हातारा माणूसही ‘पुढच्या महिन्यात जाऊ’ म्हणून टाळतो. डॉक्टरांना सरळ सांगा, ते आठ दिवस इकडे-तिकडे करतात. मेच्या उन्हात नेणं अटळ असेल तर सकाळच्या पहिल्या गाडीने जाऊन दुपारी दवाखान्यातच सावलीला थांबा, चारनंतर निघा.

आदली रात्र

आधी विचारा, उद्या उपाशी जायचंय का. उपाशीपोटीच्या शुगरला किमान आठ तास काही खायचं नसतं, साधं पाणी चालतं, चहा नाही. जेवणानंतरची शुगर जेवायला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी देतात, म्हणून डबा सोबत न्या; बाहेरचा समोसा खाऊन दिलेली शुगर काय सांगणार? तीन महिन्यांची सरासरी सांगणाऱ्या तपासणीला (एचबीएवनसी) उपाशी राहावं लागत नाही. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन उपाशीपोटी घेऊ नका, सोबत न्या आणि जेवताना घ्या. बीपीची गोळी साधारण घोटभर पाण्यासोबत घेता येते, पण ऑपरेशन असेल तर दोन्ही गोळ्यांचं आदल्या खेपेलाच विचारून ठेवा.

पोटाच्या सोनोग्राफीला उपाशी लागतं, तर लघवीच्या पिशवीच्या किंवा प्रोस्टेटच्या सोनोग्राफीला पिशवी भरलेली लागते. म्हणून कोणी घरून तांब्याभर पाणी पाजून निघालं तर दीड तासाच्या एस.टी.त म्हाताऱ्या माणसाचे काय हाल होतात ते मी पाहिलंय. पाणी तिथे पोचून, नंबर कळल्यावर पाजा.

एमआरआय असेल तर अंगावर धातूचं काहीच चालत नाही. आत्याबाईंच्या पायातली जोडवी लग्नापासून निघालेली नव्हती. मशीनच्या दारात ते कळलं. तिथल्या पोराने साबणाचं पाणी आणलं, मी ओढते आहे, आत्याबाई कळवळताहेत आणि मागे आठ जणांची रांग. डोरलं काढायची वेळ आली तेव्हा त्या रडायलाच लागल्या, नवरा जिवंत असताना गळा मोकळा कसा करायचा? शेवटी मामाजींनी बाहेरून हाक दिली, ‘काढ वं, मी इथंच बसलो हाये.’ तेव्हापासून मी हे काम आदल्या रात्री घरी, कोमट पाणी आणि खोबरेल लावून करते, आणि डोरल्याच्या जागी काळा दोरा बांधते. पेसमेकर, जुन्या फ्रॅक्चरची सळी, कानातली मशीन असेल तर तारीख घेतानाच सांगा.

कपडे ढिल्या बाहीचे द्या. तंग बाहीच्या ब्लाऊजवरून बीपी नीट मोजता येत नाही. चष्मा, काठी, कवळी, कानाची मशीन (सेल टाकून), दुपट्टा, एक जादा लुगडं किंवा पायजमा, भाकर-भाजी, पाण्याची बाटली, खिशात गुळाचा खडा, सुटे पैसे. ऑनलाइन पैशाच्या भरवशावर जाऊ नका, खालच्या मजल्यावर रेंज नसते.

गाडीत

७५ पूर्ण झालेल्यांना एस.टी.त ऑगस्ट २०२२ पासून राज्यात तिकीट नाही, ६५ ते ७५ ला अर्धं, आणि मार्च २०२३ पासून बायांना कोणत्याही वयात अर्धं. म्हणजे मामाजी फुकट आणि मी अर्ध्यात. सवलत वयाच्या पुराव्यावर आहे, आणि आपल्याकडच्या कितीतरी म्हाताऱ्यांच्या आधारवर जन्मतारीख अंदाजे, १ जानेवारी, टाकलेली असते. वय दोन-चार वर्षांनी कमी लागलं असेल तर ते आधीच दुरुस्त करून घ्या. ही चूक तिकिटापुरती राहत नाही, पुढे योजनेतही आडवी येते.

इन्सुलिन वापरत असाल तर बाटली मोटरसायकलच्या डिक्कीत ठेवू नका, मेमध्ये तिथे भाजी शिजेल. बर्फालाही थेट टेकवू नका, गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं. फडक्यात गुंडाळून थंड पाण्याच्या थर्मासला लावून न्या. घरी फ्रिज नसेल तर वापरातली बाटली डबीत घालून माठाजवळ, ओल्या वाळूच्या मडक्यात ठेवा.

आत गेल्यावर

इथे थोडं थांबून बोलते, कारण बाकी सगळं पळापळीचं काम आहे, खरी खेप या पाच मिनिटांत घडते किंवा बिघडते.

दोन वर्षांपूर्वी मामाजींना घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, ‘कसं काय बाबाजी?’ मामाजी म्हणाले, ‘बरं हाये साहेब.’ रिपोर्ट पाहिले, गोळ्या लिहिल्या, तीन मिनिटांत बाहेर. मग चहाच्या टपरीवर बसलो तर टपरीवाल्याला सांगताहेत, ‘पायाखाली कापसाची गंजी हाये असंच वाटते गा. चप्पल गळून जाते, पण मले समजत नाई.’ मी कप ठेवला आणि त्यांना तसंच परत घेऊन गेले. सिस्टरने नंबराशिवाय आत सोडलं. डॉक्टरांनी मोजे काढायला लावले, बारीक प्लॅस्टिकचा दोरा तळपायाला टेकवून ‘लागलं का’ विचारलं. चार ठिकाणी नाही म्हणाले. डाव्या टाचेखाली पैशाएवढा फोड होता, तो त्यांना माहीतच नव्हता. शुगरच्या माणसाचा असा फोड चिघळून पाय जाऊ शकतो. तेव्हापासून मामाजींचे मोजे बाहेरच काढून ठेवते, म्हणजे पाय दाखवायला विसरणं होत नाही.

म्हणून आदल्या दिवशी त्यांच्यासोबत बसून तीनच गोष्टी लिहा. सगळ्यात त्रासाची वर. आत गेल्यावर पहिल्यांदा त्यांना बोलू द्या. तुम्ही बोलायला लागलात की म्हातारा माणूस गप्प बसतो आणि खिडकीबाहेर पाहतो. ते अडले की हळूच आठवण द्या, ‘मामाजी, ते पायाचं सांगा ना.’ कमी ऐकू येत असेल तर ज्या कानाने चांगलं ऐकू येतं ती बाजू डॉक्टरांकडे करून बसवा, आणि तुम्ही ओरडू नका, समोरून सावकाश बोला.

आपल्या बोलीचं डॉक्टरांच्या भाषेत आणणं हे तर सोबतच्याचंच काम. मोठ्या दवाखान्यात शिकाऊ डॉक्टर कुठकुठल्या राज्यांतून आलेले असतात, हिंदी बोलतात. मेळघाटातला कोरकू म्हातारा किंवा गडचिरोलीतली माडिया बाई असेल तर विचारायलाच नको. आणि भाषा एक असली तरी ‘चक्कर येते’ या दोन शब्दांत चार वेगळ्या गोष्टी बसतात. उठून उभं राहताना डोळ्यापुढे अंधारी येते का? मग बीपीची गोळी जास्त होत असेल, अंगात पाणी किंवा रक्त कमी असेल. कुशीवर वळलं की घर गरगर फिरतं का? ते बहुधा कानाचं. डोकं साफ आहे, पण चालताना तोल जातो, भिंत धरावी लागते? तिसरंच. घाम, थरथर, पोटात खड्डा? शुगर उतरली असेल. यातलं कोणतं ते घरीच विचारून ठेवा. ‘जीव घाबरते’ म्हणजे दम लागतो की छाती धडधडते? ‘गॅस झाला’ म्हणतात तो जेवल्यावर होतो की चालताना होतो आणि थांबलं की जातो? चालताना होणारा ‘गॅस’ हृदयाचा असू शकतो.

मोजमाप गावाच्या मापात द्या. ‘दम लागतो’ यापेक्षा ‘दिवाळीपर्यंत न थांबता मारुतीच्या देवळापर्यंत जात होते, आता बोअरजवळच बसावं लागते’ हे डॉक्टरला जास्त सांगतं. रात्री लघवीला किती वेळा उठतात, झोपायला किती उश्या लागतात, बांगड्या ढिल्या झाल्या का, संध्याकाळी पायावर चपलेच्या पट्ट्याचा खड्डा उमटतो का.

खर्र्याचं, म्हणजे घोटलेल्या तंबाखू-सुपारीचं, काय करायचं? मामाजी डॉक्टरपुढे ‘सोडला’ म्हणतात आणि परतीच्या वाटेवर पन्नी घोळत असतात. चारचौघांत त्यांना उघडं पाडलं तर पुढच्या खेपेला ते येणारच नाहीत. मी एवढंच म्हणते, ‘डॉक्टरसाहेब, जरा तोंडही पाहून घ्या.’ तोंड पूर्ण उघडत नसेल, पांढरा चट्टा असेल, दोन-तीन आठवडे न भरणारा छाला असेल तर ते पाहणाऱ्याला दिसतंच. विसरभोळेपणाचंही तसंच. माणूस घरची वाट चुकतो, पैसे कोणी चोरले म्हणून भांडतो, आणि गावात म्हणतात ‘म्हातारा चळला’. हे त्यांच्या तोंडावर सांगू नका. चिठ्ठीवर लिहून कागदांसोबत आत द्या.

निघण्याआधी डॉक्टरांना पाच गोष्टी विचारा: कोणती गोळी नवीन, कोणती बंद, जेवणाआधी की नंतर, किती दिवस, आणि काय झालं तर तारखेआधी यायचं. मग जे समजलं ते उलट बोलून दाखवा, ‘म्हणजे सकाळची पांढरी बंद आणि रात्रीची अर्धी, बरोबर ना?’ निम्म्या चुका तिथेच सापडतात. सीटी स्कॅनमध्ये रंगाचं इंजेक्शन असेल तर किडनीचा रिपोर्ट आणि शुगरच्या गोळ्या आधी दाखवा. मोतीबिंदूच्या डॉक्टरांना प्रोस्टेटची गोळी सुरू आहे हे आवर्जून सांगा. ही गोळी आणि डोळा यांचा काय संबंध असं वाटेल, पण त्या गोळीने ऑपरेशनच्या वेळी बाहुलीभोवतीचा पडदा सैल पडतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळीचंही सांगा, पण आपल्या मनाने ती बंद करू नका. डोळ्यात थेंब टाकून तपासलं तर पुढचे काही तास धूसर दिसतं, ऊन सोसत नाही. गॉगल न्या, मोटरसायकल त्यांच्या हातात देऊ नका.

भरती सांगितली तर

भरती व्हायच्या आधी आरोग्यमित्राची, म्हणजे दवाखान्यात सरकारी योजनेचं काम पाहणाऱ्या माणसाची, खुर्ची शोधा. ७० पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला घरामागे ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. त्याखालच्या वयाला राशन कार्डावर महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. दोन्ही योजना भरती होऊन घ्यायच्या ठरावीक उपचारांना आहेत. ओपीडीतल्या तपासण्या आणि महिन्याच्या गोळ्या त्यात बसत नाहीत. दवाखाना योजनेत आहे का, हे ऑपरेशन त्यात बसतं का आणि मंजुरी आली का, हे पैसे भरण्याआधी विचारा. नंतर पावती घेऊन फिरण्यात अर्थ नसतो.

कार्ड दवाखान्यात काढायची वेळ येऊ देऊ नका. जन्मभर निंदण-वेचणी केलेल्या बोटांचे ठसे झिजलेले असतात, मशीन ते घेतच नाही. मग आधारला जोडलेल्या मोबाइलवरचा ओटीपी किंवा चेहऱ्याची ओळख लागते, आणि जोडलेला नंबर सहा वर्षांपूर्वी बंद पडलेला असतो. आधार केंद्रात जाऊन नंबर बदलून घ्या, कार्ड घरात असू द्या.

औषधाची खिडकी

हे माझ्या चुकीवरून शिकलेलं. मेचा महिना, एस.टी. स्टँडवर गाडीची वाट पाहत होतो. मामाजींचा सदरा घामाने भिजला, मला वाटलं उन्हाचं असेल, दुपट्टा ओला करून डोक्यावर टाकला. मग ते विचारायला लागले, ‘हे बैल कोणाचे?’ स्टँडवर बैल नव्हते. हात थरथरत होते. शेजारच्या बाईने ओळखलं, तिच्या घरी शुगरचा माणूस होता. टपरीवरून साखर आणली, तीन चमचे अर्ध्या ग्लासात विरघळवून पाजली. पंधरा मिनिटांत बैल दिसेनासे झाले, मग खायला दिलं आणि तसेच परत दवाखान्यात नेले, कारण गोळ्यांमुळे उतरलेली शुगर पुन्हा उतरू शकते. (माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन लावा.)

झालं असं होतं, की तालुक्याच्या डॉक्टरची शुगरची गोळी सुरूच होती आणि शहरातल्या डॉक्टरने नवीन लिहिली होती. नावं वेगळी, रंग वेगळे. पण पाकिटावर कंपनीच्या मोठ्या नावाखाली बारीक अक्षरात दोन्हींवर एकच औषध होतं, ग्लिमेपिराइड. मामाजी दोन्ही खात होते. शहरातल्या डॉक्टरला मी ‘गोळ्या सुरू हायेत’ एवढंच म्हटलं होतं, दाखवल्या नव्हत्या. आता नवीन पाकीट हातात आलं की मी आधी ती बारीक अक्षरं वाचते आणि वहीत तेच नाव लिहिते, कंपनीचं नाही. जनऔषधी दुकानात स्वस्त गोळी घ्यायलाही तेच नाव लागतं.

सरकारी खिडकीवर गोळ्या कागदी पुडीत सुट्या मिळतात. तिथल्या तिथे पुडीवर नाव लिहून घ्या, घरी आल्यावर सगळ्या पांढऱ्या सारख्याच दिसतात. आत्याबाईंना वाचता येत नाही, म्हणून सकाळच्या पुडीवर सूर्य आणि रात्रीच्या पुडीवर चंद्र काढते. दुपारच्या पुडीवर भाकर. बंद झालेली गोळी डब्यातून त्याच दिवशी काढून टाका, नाहीतर ‘पैसे दिले हायेत’ म्हणून ती संपवली जाते. आणि पुडी संपली म्हणजे बीपी संपलं असं नसतं, सात दिवसांच्या गोळ्या उरल्या की पुढच्या आणायला निघा.

जेव्हा तारीख पाहायची नसते

तोंड वाकडं झालं, एक हात उचलल्यावर खाली पडतो, बोलणं अडखळतं: हा लकवा आहे. रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, म्हणून ‘धड होते ते शेवटचं कधी पाहिलं’ ती वेळ लिहा, आणि १०८ वाल्यांना सीटी स्कॅन असलेल्या दवाखान्यात न्यायला सांगा. झाडपाल्याची मालिश, कबुतराचं रक्त चोळणं, यात तेच तास जातात.

रिपोर्ट मागे राहिला असेल तर

अंगातला तुकडा काढून तपासायला (बायोप्सी) पाठवला असेल तर रिपोर्टला दिवस लागतात. पावती थैलीच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवा आणि तिच्यावरच्या नंबरवर फोन करून तयार आहे का ते विचारा. रिपोर्ट आणायला म्हाताऱ्या माणसाला ओढत नेऊ नका, एकट्यानेच जा. पण युनिटच्या वारीच जा, म्हणजे रिपोर्ट हातात आल्या-आल्या डॉक्टरांना दाखवता येतो. डॉक्टर ‘पेशंट घेऊन या’ म्हणाले तर तारीख तिथेच घ्या आणि कागद पन्नीत सगळ्यात वर ठेवा. घरी आल्यावर मामाजी आधी थैलीकडे पाहतात, मग माझ्याकडे, आणि विचारतात, ‘काय म्हणे वं डाक्टर?’ तेव्हा उत्तर वहीत पाहून द्या, मनाने नको.